दारातली विजेची गाडी आणि अर्थिंगचा खड्डा



या पानावर आम्ही एरवी पाचट, खोडवा, तोडणीच्या पाळ्या आणि उसाची बिले याविषयी लिहीत असतो. यावेळचा मथळा वाचून काही मंडळी म्हणतील, यांना आता हे काय सुचले! पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात विजेवर चालणाऱ्या मोटारी येऊ लागल्या आहेत. दुचाक्या तर आता कुणी मोजतही नाही. गाडी घेताना हप्ता किती, रंग कोणता, एका चार्जिंगवर किती पळते, याची चौकशी सगळेच करतात. ती रात्री कोणत्या वायरीवर लावायची, ही चौकशी मात्र गाडी दारात येऊन हार-नारळ झाल्यावर सुरू होते. आम्हीही त्यातलेच. तेव्हा आधी आमच्या घरची फजिती सांगतो आणि मग या बाबतीत आमचे मत काय ते मांडतो.

आमचे धाकटे बंधू तालुक्याच्या गावी नोकरीला आहेत. रोजचे जाणे-येणे पन्नास कि. मी. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून त्यांनी मागच्या दिवाळीत विजेची गाडी घेतली. बॅटरी तीस युनिटची. विकणारा म्हणाला, "काही करायचं नाही साहेब, घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावायची अन् झोपायचं." आम्ही वस्तीवर राहतो. गावापासून दीड-दोन कि. मी. रानात. पडवीत मोटर धुवायच्या पंपाचा पंधरा अँपिअरचा प्लग होताच. त्याला लावली. चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडी काही वीज घेईना. दुसऱ्या प्लगला लावून पाहिली, तिथेही तेच. फोनवरून विचारले तर पलीकडून उत्तर आले, "तुमच्या घराला अर्थिंग नाही."

आता अर्थिंग नाही म्हणजे काय? घर बांधताना खड्डा खणला होता, कोळसा-मीठ घातले होते, पट्टी पुरली होती. त्याला झाली वीस वर्षे. त्यानंतर त्या खड्ड्याकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर तो नेमका कुठे आहे यावरच घरात दोन मते निघाली. मिक्सर चालतो, फ्रिज चालतो, टी. व्ही. चालतो, मग अर्थिंग नाही कसे, असे आम्हाला वाटले. पण मिक्सरला अर्थिंग असले काय नि नसले काय, तो फिरतो. गाडीचा चार्जर तसा नाही. तो वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर हात आखडतो. हा चार्जरचा दोष नसून मोठा गुण आहे, हे कळायला आम्हाला अकरा दिवस लागले.

झाले असे की, मोटरी भरणारा एक ओळखीचा कारागीर आला. त्याने प्लग खोलला, आत वायरीचा एवढासा तुकडा टाकून न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडले आणि म्हणाला, "आता बघा." गाडी लगेच वीज घेऊ लागली. आम्ही त्याला चहा पाजला, शंभर रुपये दिले, आणि वर चार लोकांना त्याचे नावही सांगितले. ही आमची चूक. कारागिराला बोल लावून उपयोग नाही. त्याने चार्जरला फसवायची युक्ती आम्हाला दिली आणि आम्ही ती हसत घेतली. ही युक्ती खेडोपाडी सर्रास चालते असे नंतर कळले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी अवकाळीचा वारा सुटला आणि वस्तीची लाइट गेली. लाइट गेली म्हणजे वीज गेली, असे आपण सगळेच समजतो. आमच्या वहिनी अंधारात गाडीतली दप्तराची पिशवी आणायला गेल्या. पायात चप्पल होती म्हणून बरे. दाराला हात लावताच असा झटका बसला की त्या दोन हात मागे कोसळल्या. हात रात्रभर बधीर होता. बाकी काही झाले नाही, ही त्या परमेश्वराची कृपा.

वीज गेलेली नव्हतीच. खांबावरचा न्यूट्रल तुटला होता. फेज घरात येतच होता. न्यूट्रल तुटल्यामुळे दिवे विझले, पण त्या विझलेल्या दिव्यांतून, फ्रिजमधून फेजचा दाब घरातल्या न्यूट्रलच्या वायरीवर आला आणि प्लगमधल्या त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर गेला. रबरी टायरवर उभी असलेली गाडी जमिनीला टेकलेली नसते. म्हणजे माणसाने हात लावायचीच ती वाट पाहत होती. रानातल्या लायनीवर वाऱ्यापावसात न्यूट्रल तुटणे ही काही नवलाची गोष्ट नाही. आपल्या भागात वर्षातून दोनदा तरी होतेच होते. तेव्हा ज्या सभासदांनी प्लगमध्ये असा तुकडा टाकून घेतला असेल, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तो काढावा. पुढचे सावकाश वाचले तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी खड्डा शोधून उकरला. पट्टी गंजून तुटली होती आणि घरातून आलेली वायर नुसती मातीत रोवलेली होती. नवा खड्डा घेतला. परवानाधारक ठेकेदाराकडून मोजून घेतले. त्याच्याकडे अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते, ते जमिनीचा विरोध ओहममध्ये सांगते. हा आकडा पाच ओहमच्या आत असावा असे जाणकार सांगतात. आमचा पहिला खड्डा नऊवर थांबला. मग दहा फुटांवर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही पट्ट्यांनी जोडले, तेव्हा चारवर आला. ठेकेदाराने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या काळ्या रानाला लागू आहे. पावसाळ्यात मोजलेला आकडा उन्हाळ्यात टिकत नाही. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळते, पट्टीभोवतीची माती कोरडी पडून सुटते आणि विरोध वाढतो. म्हणून खड्ड्यात एक उभा पाइप ठेवून उन्हाळ्यात त्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतावे. उसाला आपण बारा महिने पाणी देतो, या खड्ड्याला एक घागर द्यायला काय हरकत आहे?

शिवाय बोर्डात आर. सी. सी. बी. बसवून घेतला. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. आमच्या बोर्डात तो नव्हताच. पुष्कळ वस्त्यांवर नसतो, आणि असला तरी "सारखा पडतोय" म्हणून काढून टाकलेला असतो. तो सारखा पडतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे.

असो. एवढे झाल्यावर गाडी रीतसर चार्ज होऊ लागली. पण पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन-सव्वातीन युनिट जातात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला दहा तास. बंधूंना ते पुरेना. आता मोठा चार्जर बसवायचा, भिंतीवरचा, सात किलोवॉटचा, असे ठरले. आणि इथे दुसरा मोह उभा राहिला. आमच्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

बंधू म्हणाले, "विहिरीवरून केबल ओढू. तिथलं अर्थिंगही पक्कं आहे, पाइप पाण्यात आहे. आणि वीज तर फुकटच."

सभासदांना माहीतच आहे की, राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली आहे. मार्च २०२९ पर्यंत ती जाहीर झालेली आहे. ती फुकट म्हणजे आपल्याला फुकट. तिचे पैसे सरकार महावितरणला भरते. ही वीज पंपासाठी आहे. तिच्यावर मोटारगाडी चार्ज केली तर ती ज्या कारणासाठी दिली त्याहून वेगळ्या कारणासाठी वापरली, असे होते. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये याला अनधिकृत वापर म्हटले आहे आणि लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट दराने आकारणी सांगितली आहे. वापर केव्हापासून चालला होता हे ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. आकडा टाकला असेल तर तो सरळ चोरीचा, कलम १३५ चा मामला. बंधूंच्या गाडीला महिन्याला दोनशे युनिट लागतात. बारा महिन्यांची चोवीसशे युनिटे दुप्पट दराने भरायची पाळी आली, तर फुकटातली बचत कुठे गेली ते ज्याचे त्याने मांडून पाहावे.

पण आम्ही कायद्याच्या भीतीपोटीच हे सांगतो असे नाही. गट ऑफिसवर हा विषय निघाला तेव्हा एक सभासद तावातावाने म्हणाले, "आपल्याच बगॅसची वीज कारखाना ग्रीडला देतोय. त्यातली दोन युनिटं आम्ही घेतली तर कुणाचं काय गेलं?" ऐकायला बरे वाटते. परंतु कारखाना ती वीज कराराने विकतो आणि त्याचे पैसे ताळेबंदात येतात. त्यातूनच आपण दर मागतो. ती वीज आपल्या विहिरीवर परत फुकट येत नाही. आणि मोफत विजेवर उद्या शहरातल्या मंडळींनी बोट ठेवले की, बघा, हे पंपाच्या विजेवर मोटारी पळवतात, तर ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याचा दीड एकर ऊस आहे, त्याची सवलत धोक्यात येणार. गाडीवाले सभासद शंभरात दोन आणि पंपवाले जवळजवळ सगळे. दोघांनी अठ्ठ्याण्णवांच्या सवलतीशी खेळू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या वडिलांनी तर एका वाक्यात निकाल दिला. म्हणाले, "सात नंबरचा अर्ज भुईमुगाचा भरायचा अन् पाणी उसाला द्यायचं, तसलंच हे. आम्ही ते करून पाटकऱ्याच्या पाया पडलोय. तुम्ही कशापायी पडताय?" केबल विहिरीवरून आली नाही.

मग रीतसर मार्ग कोणता? तो समजतो तितका अवघड नाही. घरी स्वतःची गाडी चार्ज करायला कसलाही परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच खुलासा केला आहे की गाडी चार्ज करणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दर आदेशाप्रमाणे घरच्या जोडणीवर आपली स्वतःची गाडी लावली तर घरगुतीच दर लागतो. मात्र चार्जर बसवण्याआधी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. वस्तीवरच्या घरांचा मंजूर भार बहुधा एक-दोन किलोवॉट असतो. त्यावर सात किलोवॉटचा चार्जर म्हणजे एका बैलाच्या खांद्यावर डबल टायरची भरलेली गाडी. अर्ज करायचा, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा, कोटेशन भरायचे. पाहिजे तर गाडीसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्ती नियमांनी तशी सोय केली आहे आणि ग्रामीण भागात नवी जोडणी देण्याची मुदत तीस दिवसांवरून पंधरा दिवसांवर आणली आहे.

स्वतंत्र जोडणी घ्यावी की आहे तीच वाढवावी? हे ज्याच्या त्याच्या वापरावर आहे. घरगुती बिलाचे टप्पे आपल्याला पाठ आहेत. शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. एका युनिटात गाडी सहा-सात कि. मी. जाते असे धरा. महिन्याला बाराशे-तेराशे कि. मी. पळणाऱ्या गाडीला दोनशे युनिट लागली. आमच्या घराचा वापर एकशे दहा. एकूण तीनशे दहा. म्हणजे वरची दहाच युनिटे तिसऱ्या दराने गेली. एवढ्यासाठी दुसरे मीटर घेऊन दुसरा स्थिर आकार भरणे आम्हाला परवडत नव्हते, म्हणून आहे त्याच जोडणीचा भार वाढवला. ज्यांचे घर मोठे आहे, वापर आधीच तीनशेला टेकला आहे, त्यांनी कागदावर दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. घरावर सौर पॅनेल असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि एवढ्या पॅनेलवर महिन्याला तीनशेच्या वर युनिट मिळून जातात. फक्त लक्षात ठेवा, बॅटरीशिवायचे असे पॅनेल लाइट गेली की आपणहून बंद पडते. ऊन कितीही असो. लायनीवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ती सोय मुद्दाम केलेली असते.

वायरीचे थोडक्यात सांगतो. सात किलोवॉटच्या चार्जरला मीटरपासून स्वतंत्र वायर पाहिजे, तांब्याची, सहा स्क्वेअर एम. एम. अंतर फार असेल तर दहाची. त्याला स्वतःचा एम. सी. बी. आणि स्वतःचा आर. सी. सी. बी. जोडबोर्ड लावून, खिडकीतून वायर काढून गाडी लावू नये. पंप तासाभरात बंद होतो, गाडी रात्रभर ओढते. तात्पुरता जोड तापतो, प्लग वितळतो, आणि जवळच कडबा-पाचट असते.

आता तिसरी गोष्ट. ही आमची तिसरी चूकही आहे.

भार मंजूर झाला, चार्जर भिंतीवर बसला, हिरवा दिवा लागला. पहिल्या रात्री आठ वाजता गाडी लावली. पाचच मिनिटांत पलीकडच्या वस्तीवरून तात्यांची हाक आली, "आरं, लाइट का एवढी बारीक झाली रं? टी. व्ही. बंद पडला की!" तात्यांचा नातू दहावीला. तो पुस्तक घेऊन आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गणित साधे होते, पण आम्ही ते केले नव्हते. पाच अश्वशक्तीची मोटर तिन्ही फेजवर मिळून चालते आणि प्रत्येक फेजवर सात-आठ अँपिअर घेते. सात किलोवॉटचा चार्जर सिंगल फेजवर असतो. तो एकाच फेजवर तीस अँपिअरच्या वर घेतो. म्हणजे त्या एका फेजपुरते पाहिले तर चार मोटरी एकदम सुरू केल्यासारखे. आमच्या वस्तीची डी. पी. पंचवीस के. व्ही. ए. ची. तिची एका फेजवरची ताकद तेहतीस अँपिअरच्या आसपास. आमची एक गाडी आख्खा फेज खाऊन बसत होती आणि त्या फेजवर आमच्यासह सहा घरे. कागदावर भार मंजूर होता, पैसे भरले होते, आमचे काही चुकले नव्हते असे म्हणता आले असते. तात्यांना तसे सांगायला मात्र जीभ रेटली नाही.

त्या रात्री चार्जर निम्म्यावर आणला. बहुतेक चार्जरमध्ये अँपिअर कमी करण्याची सोय असते, ती बसवणाऱ्याकडून समजून घ्यावी. आणि वेळ बदलली. आता रात्री अकरानंतर, घरोघरचे दिवे मालवल्यावर, सोळा अँपिअरवर गाडी लावतो. सकाळी सहापर्यंत रोजच्या पन्नास कि. मी. ची भर सहज पडते. रोज थोडी-थोडी भरली की सात किलोवॉटची घाई लागतच नाही. हे आधी कळले असते तर पंधरा अँपिअरच्या चांगल्या प्लगवरच भागले असते आणि मोठ्या चार्जरचे पैसे वाचले असते. जिथे अजून पंपांना रात्रीची पाळी आहे, तिथे आणखी एक सांभाळा. थ्री फेज येताच ऑटोवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. त्या अर्ध्या तासात गाडी बंद ठेवा. दाब कमी झाला तर आपल्या गाडीचे काही जात नाही, शेजाऱ्याची मोटर जळते.

आणि एवढ्यावर न थांबता सहाही घरांनी मिळून डी. पी. वाढवून मागण्याचा एकत्र अर्ज केला आहे. पहिली सही तात्यांची आहे. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा एका डी. पी. वरच्या सगळ्यांनी मिळून करावा, भार किती आहे आणि पुढच्या दोन वर्षांत किती गाड्या येतील ते त्यात लिहावे, असे आम्हाला वाटते. आपण एकत्र येऊन एवढा कारखाना उभा केला, पाणीपुरवठा संस्था काढल्या. डी. पी. च्या वेळेला प्रत्येक जण आपापला वायरमन गाठतो, हे काही बरे नव्हे.

आता कारखान्याने काय करावे, याविषयी. वार्षिक सभेत अशी सूचना येणार असल्याचे आमच्या कानावर आहे की, कारखान्याने प्रत्येक गट ऑफिसपुढे गाड्या चार्ज करण्याचे मोठे स्टेशन उभारावे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, परंतु आमचा तिला विरोध आहे. मोठ्या स्टेशनला वेगळी डी. पी., वेगळी जोडणी, देखभालीला माणूस, आणि वापरणार किती? वस्तीवरचा माणूस रात्री गाडी गट ऑफिसला लावून चालत घरी जाणार आहे काय? गाडी घरीच लागणार. म्हणून पैसे घालायचे तर सभासदाच्या घरचे अर्थिंग तपासण्यात घालावेत. कारखान्याच्या विद्युत विभागात शिकलेली, परवाना असलेली माणसे आहेत. गळीत संपल्यावर दुरुस्तीच्या हंगामातून आठवड्याचा एक दिवस काढून, गटवार एक अर्थ टेस्टर घेऊन ती फिरली, तर गाडी असो वा नसो, प्रत्येक वस्तीचा खड्डा मोजून होईल. माफक फी घ्यावी, उसाच्या बिलातून कापून घ्यावी, आमची ना नाही. जनावराला शॉक, मोटरीच्या पेटीला शॉक, धुण्याच्या दगडाजवळ झिणझिण्या, या तक्रारी गाड्या येण्याच्या आधीपासूनच्या आहेत. गाडीच्या चार्जरने त्या फक्त लाल दिवा लावून दाखवल्या.

जाता जाता इथेनॉलविषयी, कारण चावडीवर आम्हाला टोमणे बसले आहेत. "ऊसवाल्यानंच विजेची गाडी घेतली, मग इथेनॉल पिणार कोण?" पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला, त्यात उसाचा वाटा आहेच आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आणले तेव्हा काय अवस्था झाली, हेही विसरता येत नाही. त्यावेळी आमच्या घरची पेट्रोलची गाडी काही कामाला आली नाही. बंधूंचे महिन्याचे बाराशे-तेराशे कि. मी. चे पेट्रोल कारखान्याला तारील किंवा बुडवील असे समजणे फार होते. शिवाय हंगामात कारखान्याची बगॅसची वीज ग्रीडला जाते, तिलाही गिऱ्हाईक लागतेच की. ज्यांना या विषयावर वाद घालायचा असेल त्यांनी वस्तीवर यावे, चहा करू.

परवा रविवारी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतले आणि ठेकेदाराला पुन्हा बोलावून मोजून घेतले. साडेपाच भरला. चारचा साडेपाच झाला म्हणजे उन्हाळा लागला. आता आठवड्याला एक घागर ठरवली आहे आणि ते काम तात्यांच्या दहावीतल्या नातवाने आपणहून मागून घेतले आहे. वैशाखात पुन्हा मोजू आणि आकडा याच पानावर छापू. ज्या सभासदांना आपला खड्डा मोजून हवा आहे त्यांनी सभेच्या आधी गट ऑफिसात आपले नाव, गट नंबर आणि डी. पी. चा नंबर लिहून द्यावा. यादी मोठी झाली तर सभेत सूचना मांडायला आमच्या हातात काहीतरी असेल.